धुतलेल्या हातांची जागा

त्या शनिवारी बाबा सकाळीच स्कूटर पुसायला बसले, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ते माझ्याबरोबर येणार आहेत.

“रोलर केवढा असतो गं?” त्यांनी विचारलं.

“लाटण्याएवढा.”

“मग दोन माणसं लागतील,” ते गंभीरपणे म्हणाले आणि हेल्मेट शोधायला आत गेले.

आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, “जेवायला आहात ना?”

“आम्ही तिकडेच वडापाव खाऊ, शालन.”

“खा. आणि रात्री सोड्यासाठी मला उठवू नका.”

इतका साधा दिवस होता तो. नंतर मी त्याच्यात काहीतरी शोधत राहिले, एखादी खूण, बाबांच्या चेहऱ्यावरचा थकवा, काहीही. काही नव्हतं. सप्टेंबर संपत आला होता, कोपर स्टेशनजवळच्या आमच्या गॅलरीत टॉवेल वाळता वाळत नव्हते, आणि बाबा शीळ घालत स्कूटरचा आरसा पुसत होते.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. टॅबवर. वाघाची शेपटी चुकली तर दोन बोटं टेकवायची, शेपटी मागे जाते. पुन्हा चुकली, पुन्हा मागे. एक दिवस सहज मनात आलं – कित्येक महिन्यांत आपल्या हातून पुसता येणार नाही अशी एकही रेघ निघालेली नाही. म्हणून लिनो आणला. जाड, तपकिरी, रबरासारखा तुकडा. त्यावर छिन्नीने कोरायचं, जे उरेल त्यावर रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं, की झाला छाप. कोरलेलं परत भरता येत नाही. तिशी उलटल्यावर मला हेच करून बघायचं होतं.

पहिल्याच रविवारी कळलं, हे एकटीचं काम नाही. शाई लावणाऱ्याचे हात काळे होतात आणि त्या हातांनी कोरा कागद धरला की संपलंच. म्हणून दोघं लागतात. एकाचे हात काळे, एकाचे स्वच्छ.

“स्वच्छ हात” हे शब्द ऐकले आणि बाबा उठलेच. त्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस म्हणून गेली. बाथरूममधून बराच वेळ पाण्याचा आवाज आला. मग दार कोपराने ढकलून ते बाहेर आले. बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हात वर धरलेले, मनगटांवरून पाणी निथळतंय.

“डॉक्टर, कागद.”

मी हसून हसून रोलर खाली टाकला. तो फुटला. म्हणून नवा आणायला आम्ही निघालो होतो.

माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणं जवळ आलंय. पुलावरून खाडी ओलांडली, कशेळी, बाळकुम, आणि मग कोलशेतच्या त्या बंद कारखान्यामागच्या गाळ्यांपाशी आम्ही थांबलो. एका गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत रॉकेलचा आणि शाईचा वास. मधोमध लोखंडी चाकाचं प्रेस, आणि त्याच्यामागे एक उंच मुलगा, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे, चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर, मान मागे टाकून कसाबसा बघत असलेला.

“रोलरसाठी ना? या, या. एक मिनिट हां... काका, प्लीज, जरा हा चष्मा वर कराल? आता पडणार बघा.”

बाबांनी स्वतःचे हात बघितले. “माझे हात नको, हँडल धरून आलोय. मेघना, तू कर.”

“बाबा, मी पण मागे बसून...”

“तुझ्या हातात रुमाल होता.”

मग मी केला. एका बोटाने, चष्म्याच्या मधल्या दांडीला टेकवून, हळूच वर. त्याच्या भुवईवर घाम होता. काचेमागचे डोळे एकदम जवळ आले आणि... काही नाही. डोळेच होते.

“वाचवलंत,” तो म्हणाला. “मी साईनाथ. शाळेत ड्रॉइंग शिकवतो, शनिवार-रविवारी इथे. आज माझा स्वच्छ हातवाला आलाच नाही, आणि शाई तर लावून बसलोय.”

“साबण कुठाय?” बाबांनी विचारलं.

झालं. रोलर राहिला बाजूला. दुपारभर बाबा आणि साईनाथ छाप काढत होते. तो तिवरांच्या मुळांवर शाई फिरवायचा – खाडीकाठची तिवरं कोरली होती त्याने, लाकडावर – आणि बाबा दोन्ही कोपऱ्यांत धरून कागद असा खाली आणायचे, जसं झोपलेलं मूल गादीवर ठेवावं. साईनाथ चाक फिरवायचा. बाबा कागद उचलायचे, उजेडात धरायचे आणि दर वेळी म्हणायचे, “पेशंट शुद्धीवर आहे.”

मी एका स्टुलावर बसून वहीत उगाच काहीतरी काढत होते. त्याच्याकडे बघत नव्हते. चष्मा दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे बघितलं, मी उठले, वर केला, बसले. तिसऱ्यांदा मात्र तो घसरण्याआधीच बघत होता.

“घसरला नाहीये,” मी म्हटलं.

“माहितेय. ॲडव्हान्समध्ये सांगून ठेवतोय.”

बाबा कागदाकडे बघत होते. इतकं लक्षपूर्वक की मला संशय आला.

नवा रोलर त्याच्याकडे तयार नव्हता. त्याच्याकडच्या एका जुन्यालाच नवं रबर चढवून देतो म्हणाला, पुढच्या शनिवारी या. येताना बाबांनी पुलावर स्कूटर बाजूला घेतली. तिथे बरेच जण थांबतात. खाली खाडी शिशासारखी पसरली होती, बारीक भुरभुर पडत होती.

“आवडला?” बाबांनी विचारलं. खाडीकडे बघत.

“काय?”

“काय नाही. कोण.”

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते. तो लागत नव्हता.

“चला ना बाबा,” मी म्हटलं. “आई वाट बघत असेल.”

ते हसले आणि स्कूटर सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. चहाचा कप ओट्यावर ठेवून म्हणाले, “जरा पडतो.” एवढंच.

*

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. घरात पांढरे कपडे घातलेली माणसं होती. बुद्धवंदना झाली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाबांच्या दवाखान्यातले लोक आले, एक म्हातारे सर्जन आले आणि आईसमोर हात जोडून नुसते उभे राहिले. आई सगळ्यांना चहा विचारत होती.

पुढच्या शनिवारी फोनवर मेसेज आला. “रोलर रेडी. काकांना सांग, साबण पण नवीन आणलाय.”

मी लिहिलं, “बाबा गेले. रविवारी.”

बराच वेळ वर “टायपिंग” दिसत राहिलं. यायचं, जायचं. शेवटी आलं ते एवढंच – “रोलर इथेच आहे. घाई नाही.”

मी गेले ती थेट डिसेंबरात. रोलर आणायला. म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं होतं. गाळ्यात शिरल्यावर मात्र माझ्या तोंडून निघालं, “त्या दिवशीचे छाप आहेत का? बाबांनी धरलेले?”

त्याने काही न विचारता कपाटातून गठ्ठा काढला. प्रत्येक कागदामध्ये बटर पेपर घातलेला. मी एकेक उचलला, उजेडात धरला, कडा बघितल्या, कोपरे बघितले, मागची बाजू बघितली. तो शेजारी उभा होता.

“काय शोधतेस?”

“बोटाचा ठसा. एखादा तरी असेल ना. कुठेतरी अंगठा लागला असेल.”

 तो हळू म्हणाला, “नाहीये गं. मी पण बघितले. तुझा मेसेज आला त्याच दिवशी बसून सगळे बघितले... काकांनी एकही डाग पाडला नाही.”

मी त्या पांढऱ्याशुभ्र कडांकडे बघत राहिले. इतकं चोख काम करून ठेवलं होतं बाबांनी, की त्यांचं त्यात काही उरलंच नव्हतं.

साईनाथने माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि प्रेसपाशी गेला. शाई घोटायला लागला. रडणाऱ्या माणसाकडे बघायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. थोड्या वेळाने तिकडूनच म्हणाला, “मेघना... तुझे हात कसे आहेत?”

“म्हणजे?”

“स्वच्छ?”

मी उठले आणि साबण शोधला.

*

मग मी दर शनिवारी जायला लागले. त्याचे हात काळे, माझे स्वच्छ.

हे सांगताना फार सभ्य वाटतं, पण स्वच्छ हातांच्या माणसाला काय काय करावं लागतं हे कुणी आधी सांगत नाही. काळ्या हातांच्या माणसाचं नाक खाजतं. त्याला तहान लागते. त्याची बाही खाली येते. आणि या माणसाचा चष्मा तर घसरण्यासाठीच बनवला होता.

“नवीन का नाही घेत?”

“कशाला? छान चाललंय की.”

“साई, नाटकं करू नकोस.”

“अगं खरंच खाजतंय. डावीकडे. नाही, तुझी डावी नाही, माझी.”

“मी तुझ्या शाळेतली पोरगी नाही हां.”

“नाहीयेस ते बरंय,” तो म्हणाला आणि रोलर इतक्या जोरात फिरवायला लागला की शाईचे शिंतोडे त्याच्याच शर्टावर उडाले.

एकदा त्याचा फोन वाजला. “आई आहे,” तो म्हणाला. “धर ना जरा कानाशी.” मी धरला, पण घाईत अंगठा कुठेतरी लागला आणि अख्ख्या गाळ्यात त्याच्या आईचा, नंदाकाकूंचा, आवाज घुमला.

“आरं साई, जेवाला कवा येतंस? बोंबील तललेत. आनि ती पोरगी हाय का तिकरं? चश्म्याची?”

साईनाथचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आई... आई, नंतर बोलतो.”

“नंतर काय? तिला पन आन. इक्या दिवस नुसतं नाव आयकतंय मी. आनि चुलत्याच्या पोराची हलद हाय फेब्रुवारीन, तवा तरी आनशील का नाय?”

मी फोन बंद केला. मग दोघंही त्या लाकडाकडे बघत राहिलो, जणू तिवरं आता काहीतरी बोलणार होती.

“चश्म्याची पोरगी?” मी विचारलं.

“तिला नाव लक्षात राहत नाही.”

“आत्ता म्हणाल्या, नुसतं नाव ऐकते म्हणून.”

“मेघना, कागद धर. शाई सुकतेय.”

मी कागद धरला. मला राग आला. त्याचा नव्हे. हसू येत होतं, त्याचा. घरी बाबांच्या फोटोसमोर दिवा लावलेला होता, आई संध्याकाळ झाली की अजूनही चहाचं दोन कपांचं आधण ठेवायची आणि मग एक कप ओतून द्यायची. आणि मी इथे नाक खाजवून देत होते, आणि मला ते हवं होतं. हे काय होतं? प्रेम की नुसती मोकळी पडलेली जागा? जो कुणी त्या दिवशी त्या प्रेसपाशी उभा असता, त्याच्याकडे मी अशीच ओढली गेले असते का? बाबांना शेवटचं मनापासून खूश बघितलेला माणूस म्हणून मला तो हवा होता, की तो म्हणून? त्याचा चेहरा आठवायला गेलं की मागे बाबा कागद धरून उभे दिसायचे. दोघांना वेगळं करताच येत नव्हतं.

असा गोंधळ घेऊन कुणाच्या घरी बोंबील खायला कसं जायचं?

*

जानेवारीत माझा स्वतःचा ब्लॉक कोरून झाला. तो होता बाबांच्या हातांचा. वर धरलेले दोन हात, दुमडलेल्या बाह्या, निथळणारं पाणी. पाण्याचे थेंब कोरायला मला फार वेळ लागला, एक थेंब जास्त कोरला गेला तो तसाच ठेवला. मागे घेता येत नाही, हे आता मला माहीत होतं.

आता शाई मी लावणार. म्हणजे हात माझे काळे. कागद धरायला दुसरं कुणी हवं.

“मी आहे ना,” साईनाथ म्हणाला.

“नको. मी करते एकटी.”

“होणार नाही.”

“बघू.”

नाही झालं. चिमट्याने धरून बघितलं, पुठ्ठ्याचे तुकडे बोटांत धरून बघितलं, दर वेळी मध्येच हात धुऊन बघितलं. प्रत्येक छापाच्या कडेला माझा काळा अंगठा उमटायचा. धुतलेल्या हातांचं चित्र आणि कडेला हा ठसा.

“पोलीस स्टेशनला देऊन टाक,” साईनाथ म्हणाला. “रेकॉर्डला लागतील.”

मी हसले नाही. तो उठला. मोरीत पाण्याचा आवाज आला, बराच वेळ. मग तो आला. बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत ओले हात वर धरलेले, दार कोपराने ढकलून.

त्याने ते बाबांकडूनच उचललं होतं. त्या एका दुपारी.

“खाली कर,” मी म्हटलं.

“काय?”

“हात खाली कर, साई! तिथे उभा राहू नकोस. ती बाबांची...”

त्याने हात खाली घेतले. पाणी जमिनीवर टपटपत होतं.

“मी काकांच्या जागी उभा राहायला आलो नव्हतो,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं झालं असतं. “ती जागा मला नकोच आहे. मला जमणारच नाही ती. पण मग माझी कुठली, ते तरी सांग. तिकडे उभा राहतो.”

“मला कळत नाहीये.”

“काय कळत नाहीये?”

“तू मला आवड...” मी थांबले. “बाबा असते तर मी इथे आले असते का, तेच कळत नाहीये. सगळं एकात एक झालंय. तुला हो म्हटलं आणि उद्या कळलं की मला फक्त रडायला कुणीतरी हवं होतं, तर?”

 त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. धुतलेले हात होते, स्वतःचा स्वतः काढता आला.

“हळदीला ये म्हणणार होतो तुला,” तो म्हणाला. “पण आमच्याकडे हळदीला कुणी मुलगी माझ्याबरोबर आली, की सगळं बाळकुम काय ते समजून जातं. नंतर नाही म्हणता येत नाही. म्हणून... कळलं तर ये. नाही कळलं तर नको येऊस. मी मेसेज नाही करणार.”

आणि खरंच नाही केला.

*

हळदीच्या दिवशी मी घरातच होते. टॅबवर हत्ती काढत होते. सोंड काढायची, मागे घ्यायची. काढायची, मागे घ्यायची.

आई मेथी निवडत बसली होती. मेथीकडेच बघत म्हणाली, “ते चष्मेवाले कुठे असतात हल्ली? शनिवारी जात नाहीस ते.”

माझं बोट टॅबवर तसंच राहिलं. मी आईला साईनाथबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. क्लासला जाते म्हणायचे.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या बाबांनी.”

“कधी?”

“त्याच रात्री. सोडा मागायला उठवलं मला.” आईने एक जुडी सोडली. “दोन घोट घेतले आणि बसले सांगत. मी म्हटलं झोपा. तर नाही. म्हणाले, पोरीने आज एकाचा चष्मा वर केला आणि मग दिवसभर त्याच्याकडे बघितलं नाही. तो मात्र बघत होता, म्हणाले. हसत होते एकटेच. म्हणाले, शालन, पुलावर मी विचारलं तर ‘चला’ म्हणाली. म्हणजे आवडलाय. नसता आवडला तर सरळ नाही म्हणाली असती, माझी मुलगी आहे ती.”

मी टॅब बाजूला ठेवला.

“मला वाटलं ॲसिडिटी आहे,” आई म्हणाली.  मग तिने मेथीची काडी मोडली आणि पुन्हा निवडायला लागली. “पण खूश होते गं फार. तेवढं मला माहितेय.”

मी आईजवळ जाऊन बसले. तिच्या हाताला मेथीचा वास येत होता. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट हळूहळू जागेवर बसत होती. त्या रात्री बाबा होते. सोडा पीत होते, हसत होते. माझ्यात कुठलीच जागा मोकळी पडलेली नव्हती, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तरीही मी त्या मुलाकडे दिवसभर बघितलं नव्हतं. मला आठवत नव्हतं, कारण त्या दिवसातलं मला फक्त बाबांचं आठवत होतं. बाबांना मात्र माझं आठवत होतं.

आधी तो आवडला होता. मग बाबा गेले.

“आई, मी जरा बाळकुमला जाऊन येते. हळद आहे एकाकडे.”

“हा पांढरा ड्रेस घालून?”

“मग?”

“माझी पिवळी साडी घे. पांढरं नको आता.” मग म्हणाली, “आणि स्कूटर हळू चालव. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशातच आहे.”

*

पुलावर मी थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते.

बाळकुमात उंच टॉवरांच्या मधोमध त्यांचं जुनं घर, अंगणात मांडव, आणि डीजे इतका की स्कूटरचा आरसा थरथरत होता. सगळं पिवळं. पोरं, काकवा, खुर्च्या, एक कुत्रासुद्धा. मी दारात उभी राहिले. कुणी ओळखीचं नव्हतं. हातातली चावी घट्ट धरली होती.

मग डीजे बंद झाला. “गप रे, आजी गाते,” कुणीतरी ओरडलं. केशरबाई म्हणून एक फार म्हातारी बाई मांडवात येऊन बसली. लग्नाचे धवले गाणारी, त्यांची धवलारीण. तिने डोळे मिटून गायला सुरुवात केली, पातळ, न घाई करणारा आवाज, आणि ते सगळं दणदणणारं अंगण एकदम शाळेतल्या वर्गासारखं गप्प झालं.

तेवढ्यात मला तो दिसला. नवऱ्यामुलाशेजारी. दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीने माखलेले, गालावर पिवळा पट्टा, आणि चष्मा... चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर. मान मागे टाकून तो दाराकडे बघत होता. मीच आहे की दुसरी कुणी, ते त्याला नीट दिसत नव्हतं.

मी चपला काढल्या. मांडवातून चालत गेले. बायका बाजूला सरकल्या. एकीने दुसरीला कोपरखळी मारली. त्याच्यासमोर जाऊन मी एक बोट चष्म्याच्या मधल्या दांडीला टेकवलं आणि हळूच वर केला.

आता दिसले मी त्याला.

“मेघना...”

“हं.”

मागून नंदाकाकूंचा दबका आवाज आला, “हीच गो, हीच.”

“तुला माहितेय ना,” तो कुजबुजला, “मी काय बोललेलो? आता सगळे...”

“माहितेय.”

“आणि माझी जागा?”

“टेबलाच्या पलीकडे,” मी म्हटलं. “माझ्या समोर. बाजूला नाही. बाजूची जागा बाबांची आहे.”

त्याने मान हलवली. त्याच्या काळ्या भुवईवर हळदीचा एक कण होता. केशरआजीचं कडवं संपलं होतं आणि ती पुढच्यासाठी श्वास घेत होती. त्या एवढ्याशा शांततेत सगळं अंगण आमच्याकडे बघत होतं. मला पुलावरची ती भुरभुर आठवली. खाडीकडे बघत उभे असलेले बाबा आठवले. माझ्या उत्तराची ते वाट बघत नव्हते, त्यांना ते मिळालं होतं. पण म्हणायचं तर माझ्याकडूनच राहिलं होतं.

“काय झालं?” साईनाथने विचारलं.

“थांब. तुला नाही, आधी बाबांना सांगायचंय.”

आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या स्पष्ट आवाजात म्हटलं,

“हो, बाबा. आवडला.”